प्रीमियम पेट्रोल स्वस्तात कुठे मिळतं? आठ महिने, पंचवीस टाक्या आणि एक वही

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, लकव्यातून सावरणारी माणसं दवाखान्यात येऊ शकत नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडे जाते. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर गाडी पळते, आठवड्याचे सहा दिवस. पेट्रोल हा माझा सगळ्यात मोठा खर्च. त्यात गाडी अशी की तिला साधं पेट्रोल चालत नाही. त्यामुळे माझ्या वाटेवरच्या कुठल्या पंपावर प्रीमियम खरंच स्वस्त पडतं हे मी आठ महिने नीट लिहून काढलं. हे परीक्षण त्या वहीतून उतरलेलं आहे.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण सगळा हिशोब तिथून सुरू होतो. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. सेकंडहँड घेतली. घेताना पिकअप बघितला, टायर बघितले, सर्व्हिसची कागदपत्रं बघितली. पेट्रोलच्या टाकीचं दार उघडून आतला स्टिकर तेवढा वाचला नाही. त्यावर लिहिलं होतं, किमान ९५ ऑक्टेन, म्हणजे प्रीमियम. (ऑक्टेन हा पेट्रोल स्वतःहून पेटायला किती दम धरतं त्याचा आकडा, पुढे नीट सांगते.) मी मात्र पहिले काही महिने साधं ९१ भरत राहिले, आणि तेही निर्धास्तपणे, कारण एका मैत्रिणीने अमेरिकेतल्या एका गाडीतज्ज्ञाचा व्हिडिओ दाखवून सांगितलं होतं की ९१ म्हणजे प्रीमियमच.

तिचं चुकलं नव्हतं आणि तरीही चुकलं होतं. ऑक्टेन मोजायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. बहुतेक देशांत पंपावर जो आकडा असतो तो आरओएन, म्हणजे रिसर्च पद्धतीचा. अमेरिकेत पंपावर लिहितात तो आकडा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी असते, आणि तो चार-पाच अंकांनी कमी येतो. तिथलं ८७चं साधं पेट्रोल म्हणजे साधारण ९१ आरओएन, आणि तिथलं ९१चं प्रीमियम म्हणजे साधारण ९५-९६ आरओएन. एकच ९१ आकडा एका देशात साधा आणि दुसऱ्या देशात प्रीमियम. परदेशी व्हिडिओ बघून पेट्रोल ठरवणाऱ्या प्रत्येकाला मला हे आधी सांगावंसं वाटतं.

चढावर तिसऱ्या गियरमध्ये, एसी चालू असताना गाडीतून एक आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे घालून हलवले की येतो तसा. ॲक्सिलरेटरवरून पाय जरा उचलला की बंद. माझा धाकटा भाऊ गॅरेज चालवतो. त्याला शेजारी बसवून त्याच चढावर नेलं. अर्ध्या चढावरच तो म्हणाला, "ताई, हिला कुठलं पेट्रोल पाजतेस तू?" मी सांगितलं. त्याने तिथेच गाडी कडेला घ्यायला लावली, टाकीचं दार उघडलं आणि स्टिकरवर बोट ठेवलं.

तो आवाज नॉकिंगचा. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडल्यावर एका टोकाकडून शिस्तीत जळत जायला हवं. ऑक्टेन कमी असलं की दाब आणि उष्णता सहन न होऊन उरलेलं मिश्रण स्वतःहूनच पेटतं, आणि पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा दणका बसतो. टर्बो हवा दाबून आत ढकलतं, म्हणून अशा इंजिनात हा धोका जास्त. हल्लीच्या इंजिनांना नॉक सेन्सर असतो. तो कंप ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. त्यामुळे इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. आणि चढावर पूर्ण भार असताना सेन्सरही कधीकधी पुरा पडत नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे, माझाही तोच होता. ऑक्टेन फक्त एवढंच सांगतं की पेट्रोल स्वतःहून पेटायला किती वेळ दम धरतं. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ही फूटपट्टी बसवली. नॉकिंगला सहजी दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १००, आणि लगेच नॉक होणाऱ्या हेप्टेनला ०. तुमचं पेट्रोल ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं टिकलं, तर ते ९५. लिटरमागची ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून ज्या गाडीच्या दारावर ९१ लिहिलंय तिच्यात ९८ ओतणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते पैसे टायरमध्ये हवा नीट ठेवण्यात आणि वेळेवर प्लग बदलण्यात घाला.

मग मी वही केली. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी रेघांची वही आणि दोरीला बांधलेलं पेन. प्रत्येक वेळी टाकी फुल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, त्यापुढे एक थेंब नाही. (नोझल बंद झाल्यावर वरून आणखी भरायची सवय वाईट. टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल गेलं की तो निकामी होतो, आणि तो स्वस्त नसतो.) मग मीटरचा किलोमीटर आकडा, भरलेले लिटर, पंप, पेट्रोलचा आकडा आणि भाव. भावाच्या शेजारी मी आणखी एक रकाना केला, आणि सगळ्यात जास्त शिकले ती त्याच रकान्यातून. त्याचं नाव मी ठेवलं 'अंतर'. त्याच पंपावर त्याच दिवशी साध्या पेट्रोलपेक्षा प्रीमियम किती टक्के महाग, ते अंतर.

माझ्या रोजच्या वाटांवर आणि आसपास नऊ पंप आहेत. पाचांवर ९५ मिळतं, सहाव्यावर ९५ नाही पण ९८ आहे, बाकी तिघांकडे नुसतं साधं. सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. रस्त्यावरच्या मोठ्या बोर्डावर ज्याचा भाव कमी त्याच्याकडे वळायचं. तो बोर्ड साध्या पेट्रोलचा असतो. प्रीमियमचा भाव बहुतेक ठिकाणी बोर्डाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, काही ठिकाणी नसतोच, थेट मशीनच्या मीटरवर कळतो. आणि मीटरपर्यंत पोचेस्तोवर तुम्ही रांगेत अडकलेले असता, मागे दोन गाड्या लागलेल्या असतात, आता कुठे मागे फिरायचं म्हणून भरून मोकळे होता.

तिसऱ्या महिन्यात मी 'अंतर'चा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला आणि गाडीतच बसून राहिले. एका पंपावर साध्या आणि ९५मधलं अंतर सव्वापाच टक्के. दुसऱ्यावर सात. आणि ज्या पंपाचं साधं पेट्रोल सगळ्यात स्वस्त म्हणून मी आठवडेच्या आठवडे त्याच्याकडे वळत होते, त्याच्याकडे अकरा टक्के. साध्यात पहिला असलेला तो पंप ९५मध्ये पाचांपैकी चौथा होता.

विचार केला तर यात नवल नाही. बोर्डावरचा आकडा सगळे बघतात, त्यावर शेजारच्या पंपाशी चढाओढ असते, तिथे पंपवाल्याला फार सुटत नाही. प्रीमियम घेणारे कमी, आणि त्यातले भाव ताडून बघणारे आणखी कमी. तिथे नफा भरून काढता येतो. माझी तक्रार भाव ठेवण्यावर नाही, तो त्यांचा धंदा आहे. भाव रस्त्यावरून दिसत नाही यावर आहे. ज्याला वळण्याआधी भाव कळत नाही त्याला निवड कसली?

भाव दाखवणारी ॲप्स आणि सरकारी यंत्रणा यांचाही मी याच बाजूने शोध घेतला. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१पासून फ्यूएलवॉच नावाची सरकारी व्यवस्था आहे. पंपाने उद्याचा भाव आज दुपारी कळवायचा, आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलायचा नाही. म्हणजे आज संध्याकाळीच कळतं, आत्ता भरावं की उद्या. न्यू साउथ वेल्समध्ये २०१६मध्ये फ्यूएलचेक आलं, त्यात ९५ आणि ९८ वेगळे दिसतात. ऑस्ट्रियात २०११मध्ये नियम झाला की भाव वाढवायचा तर दिवसातून एकदाच, दुपारी १२ला. कमी मात्र कधीही करा. जर्मनीने २०१३मध्ये पंपांना भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक केलं. फार चांगली सोय, पण ती उभी राहिली ती साधं सुपर (तिथलं ९५चं नेहमीचं पेट्रोल), त्याचाच दहा टक्के इथेनॉलवाला प्रकार आणि डिझेल यांच्यासाठी. ९८चं पेट्रोल तिच्या बाहेर राहिलं. इतकी काटेकोर व्यवस्थासुद्धा प्रीमियमपाशी थांबली हे वाचून मला माझ्या वाटेवरचे बोर्ड आठवले.

तुमच्याकडे ॲप असेल तर पहिलं काम हे करा. सेटिंगमध्ये जाऊन पेट्रोलचा प्रकार बदला. बहुतेक ॲप उघडतं ते साध्या पेट्रोलवर. मी सहा आठवडे ते तसंच वापरलं होतं.

आता ज्या प्रसंगामुळे हे परीक्षण लिहायला बसले तो सांगते. पाचव्या महिन्यात ॲपवर एका पंपाचं ९५ बाकी सगळ्यांपेक्षा स्पष्ट स्वस्त दिसलं. आडरस्त्यावरचा, एकटा पंप, माझ्या शेवटच्या पेशंटच्या घरापासून पाच किलोमीटर आत. मी गेले. पंपावर दुसरी गाडी नव्हती. ९५च्या नोझलच्या हँडलवर धुळीचा थर होता, तो मी बघितला आणि सोडून दिला. टाकी फुल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू व्हायला तीन वेळा सेल्फ मारावा लागला. चालू झाली ती थरथरत. चौकापर्यंत इंजिनचा पिवळा दिवा लागला. पहिल्या पेशंटला फोन करून उशीर होईल म्हटलं आणि गाडी तशीच गॅरेजला नेली. भावाने टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं, बरणी खिडकीत उजेडात ठेवली आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागला. मी बघत बसले. पंधरा-वीस मिनिटांत बरणीच्या तळाशी बोटभर जाडीचा, किंचित धुरकट थर वेगळा झाला. मधली रेघ इतकी स्वच्छ की पट्टीने आखल्यासारखी. वरचं पेट्रोल पिवळसर, आणि त्याला जुन्या वार्निशसारखा आंबूस वास.

"पाणी," भाऊ म्हणाला. "आणि नुसतं पाणी नाही ताई. इथेनॉलही घेऊन खाली बसलंय."

पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की दोघं हातात हात घालून तळाशी बसतात. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असतं, त्यामुळे ते निघून गेलं की वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरतं. म्हणजे मी ९५चे पैसे देऊन तळाला पाणी आणि वर ९५पेक्षा कमी काहीतरी घेऊन आले होते. भर म्हणजे पेट्रोल जुनं. साठवून ठेवलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर उडणारा भाग आधी जातो, आणि थंड इंजिन चालू व्हायला नेमका तोच लागतो.

टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, लाइन धुतली, दोन दिवस गाडी उभी. भावाने मजुरी घेतली नाही, तरी सामानाचा आणि फेकून दिलेल्या पेट्रोलचा खर्च मी आठ महिन्यांत भाव बघून वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त झाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चार पेशंट चुकले ते वेगळंच. त्यातल्या एका आजींचा गुडघा नेमका वाकायला लागला होता, तो आठवडा त्यांचा वाया गेला, याची बोच पैशांपेक्षा मोठी आहे.

पंपावर जाऊन मी शांतपणे विचारलं. तिथल्या माणसाने खरं सांगितलं, ९५ इथे फारसं कुणी घेत नाही, टाकीत बरेच दिवस पडून असतं. म्हणूनच बहुधा भाव उतरवला होता. त्या दिवसापासून प्रीमियमचा भाव बघायच्या आधी मी त्याचा खप बघते. ९५च्या नोझलला कुणी हात लावतंय का, हँडल स्वच्छ आहे का, टँकर कधी येऊन गेला असं विचारलं तर पटकन उत्तर मिळतं का. साध्या पेट्रोलला ही चिंता फार नसते, ते रोज उपसलं जातं. प्रीमियमला असते. गर्दीच्या पंपावर दहा मिनिटं रांगेत उभं राहणं मला आता खटकत नाही.

आता आडवाटेचा हिशोब, कारण इथे भलेभले फसतात. माझी गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते. स्वस्त पंप वाटेपासून पाच किलोमीटर आत असेल तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर, म्हणजे पाऊण लिटरला थोडं कमी, ०.७१. मी एका वेळी पस्तीस लिटर भरते. पस्तिसातले ०.७१ म्हणजे दोन टक्के. तो पंप दोन टक्क्यांहून जास्त स्वस्त नसेल तर मी पैसे वाचवायला नाही, फिरायला गेले होते. आणि पंधराच लिटर भरले तर तोच फेरा पावणेपाच टक्क्यांना पडतो. हे गणित कुठल्याही चलनात तसंच राहतं, म्हणून मी भाव नाही, टक्के लिहिते. वहीच्या पहिल्या पानावर मी तक्ताच केला आहे: किती किलोमीटर आत, किती लिटर भरणार, किती टक्के स्वस्त हवं. पंपाकडे वळायच्या आधी एकदा नजर टाकते. दहातल्या आठ वेळा उत्तर येतं, सरळ जा.

९१, ९५ आणि ९८ तिन्हींची तुलना मी माझ्याच गाडीवर करून बघितली. ९१च्या जुन्या पावत्या शोधून काढल्या, त्यावरून ॲव्हरेज निघालं १३.४. ९५वर आठ महिन्यांची सरासरी १४.२. फरक जवळजवळ सहा टक्क्यांचा. माझ्या आत्ताच्या पंपावर ९५ आहे सव्वापाच टक्के महाग. म्हणजे किलोमीटरमागे खर्च बरोबरीतच सुटला, वर इंजिन शांत आणि चढावर दम आला. अकरा टक्के अंतराच्या पंपावर मात्र हाच हिशोब उलटा पडतो, तिथे प्रत्येक किलोमीटर महाग. पंप कुठला निवडला त्यावर सगळं अवलंबून आहे ते असं. ९८वर मी तीन टाक्या चालवल्या, ॲव्हरेज आलं १४.३. एवढा फरक तर वाऱ्याने आणि सिग्नलनेही पडतो. भाव मात्र ९५पेक्षा आणखी साडेसहा टक्के वर. मी ९५वर परत आले.

तुमच्या गाडीच्या दारावर 'किमान' लिहिलंय की 'शिफारस', हेही बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'किमान' असेल तर चर्चा नको, तेच भरा. 'शिफारस' असेल तर गाडी साध्यावरही सुरक्षित चालते, फक्त थोडी मंदावते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७मध्ये शिफारसवाल्या गाड्यांची चाचणी घेतली, त्यात प्रीमियमने ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के सुधारलं. तुमच्या पंपावरचं अंतर याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर नुसत्या बचतीसाठी प्रीमियम भरण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा असेल तेव्हा भरा, रोजच्या ऑफिसला साधं चालेल. हा माझ्या भावाचा सल्ला आहे आणि मला तो पटतो.

त्याचीच आणखी एक युक्ती सांगते, कारण तिने मला दोनदा वाचवलं. सहावा जो पंप आहे, तिथे ९१ आणि ९८ आहे, मधलं ९५ नाही. तिथे दहा लिटरांतले सहा लिटर ९८ आणि चार लिटर ९१ घ्यायचं. आकडा साधारण सरासरीने येतो, ९५.२. दोन्ही एकाच कंपनीचं, एकाच पंपाचं. आधी ९८ भरायचं, मग ९१. पंपावरच्या मुलाला पहिल्यांदा वाटलं माझी काहीतरी चूक होतेय. मी समजावून सांगितलं, आता मला बघून तोच विचारतो, "ताई, सहा-चार ना?" नॉकिंग आलं नाही, ॲव्हरेज १४.१. निम्मं-निम्मं घेतलं तर ९४.५ होतं, किमान ९५ला ते कमी पडतं, म्हणून सहा-चारच.

एकाच नळीतून सगळे प्रकार देणारी मशीन असतात, तिथे नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पेट्रोल उरलेलं असतं. मोटारीला पस्तीस लिटरांत ते जाणवत नाही. पण मोटारसायकलवाल्यांनो, तुम्ही पाच लिटर प्रीमियम घेताय आणि सुरुवातीचा भाग साध्याचा येतोय हे लक्षात घ्या. वेगळी नळी असलेला पंप शोधा.

सकाळी लवकर, थंडीत भरलं की जास्त मिळतं, हे मला किमान तीन पेशंटनी सांगितलंय. पेट्रोल दर दहा अंश सेल्सिअसला साधारण एक टक्का फुगतं हे खरं आहे. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये जेमतेम हलतं. त्यासाठी झोपमोड नको.

कार्डं आणि पॉइंट यांच्याबद्दल थोडक्यात. मी दोन घेतली. एकावर सवलत होती फक्त ९८वर, जे मला नको होतं. दुसऱ्यावर महिन्याला ठरावीक लिटरांपर्यंतच, आणि माझा महिन्याचा खप शंभर लिटरांचा, सवलत पहिल्या आठवड्यातच संपायची. सवलत वजा करून जो भाव उरतो तो वहीत लिहा. माझ्या वहीत कार्डवाला पंप सवलतीनंतरही तिसरा आला.

तर पाचही पंपांबद्दल माझं मत.

मोठ्या दुकानाच्या आवारातला: ९५ सगळ्यात स्वस्त, अंतर पाच टक्के. खप चांगला, पेट्रोल ताजं. संध्याकाळी रांग पंधरा मिनिटांच्या वर जाते आणि मला ती वेळ पेशंटला द्यायची असते. दुपारी तीनला गेलात तर दोन गाड्या असतात. पाचपैकी साडेतीन.

हमरस्त्यावरचा, जिथे ट्रक थांबतात: स्वच्छ, चोवीस तास उघडा, भाव सगळ्यात चढा. तिथे थांबणाऱ्याला जवळपास दुसरा पर्याय नसतो हे त्यांना माहीत आहे. अडल्यावेळी पाच लिटर, बस. दोन.

साध्याचा भाव मोठ्या अक्षरात झळकवणारा, अकरा टक्के अंतराचा: साधं घेणाऱ्यांनी डोळे मिटून जावं, खरंच स्वस्त आहे. ९५वाल्यांनी जाऊ नये. मला दीड.

आडरस्त्यावरचा: त्या माणसाने खरं सांगितलं याबद्दल मी त्याचा मान राखते. पेट्रोलला शून्य.

आणि माझ्या नेहमीच्या वाटेवरचा, समोरासमोर दोन पंप आहेत त्यातला डाव्या हाताचा. समोरच्याकडे ९५ नाही, पण साध्यावर दोघांची चढाओढ असते आणि इथे तिचा फायदा ९५लाही मिळतो. दुकानाच्या आवारातल्यापेक्षा जेमतेम पाव टक्का महाग, वाट वाकडी करावी लागत नाही, ९५ला वेगळं नोझल, त्याचं हँडल वापराने गुळगुळीत झालेलं. भरण्याआधी मीटरचं शून्य न मागता दाखवतात. गेल्या अकरा टाक्या मी इथेच भरल्या. पाचपैकी चार. एक गुण कापलाय तो बोर्डासाठी. मालकांना तीनदा जाऊन सांगितलं की ९५चा भाव बाहेर, रस्त्यावरून वाचता येईल असा लावा. तीनही वेळा हो म्हणाले. काल संध्याकाळपर्यंत लावलेला नव्हता.